नमुना क्रमांक वीस

सकाळी पावणेआठ वाजता निरीक्षक तिसऱ्यांदा संडासातून बाहेर आले आणि हातातली पांढरी डबी त्यांनी होती तशी, रिकामीच, टेबलावर ठेवली. डबीवर त्यांच्या मुलीने शाईने वीस हा आकडा घातला होता. साडेआठला ती डबी न्यायला येणार होती.

निरीक्षक वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना निरीक्षकच म्हणत. त्यांच्या पाठीमागे दुकानदार त्यांना तोळामासा म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी लोकांचे तराजू तपासले, खोटी वजनं जप्त केली, आणि मापात चमचाभर कमी पडलं म्हणून एका पेट्रोलपंपाला सील ठोकलं. घरातही त्यांचं सगळं वेळेवर असे. ज्या कामासाठी ते आज तीनदा आत जाऊन आले, ते काम गेली चाळीस वर्षं सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी होत आलं होतं. शेजारचे लोक यांच्या पाण्याच्या आवाजावर घड्याळ लावतात असं त्यांची बायको सांगे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. पण आज त्या कामाची तपासणी होणार होती, आणि तपासणी होणार हे कळल्यापासून ते होईना.

"कोमट पाणी घेता का अजून?" बायकोने विचारलं.

"चार पेले झाले."

"मग जरा चालून या."

"जिना सात वेळा वरखाली केला. तू मोजत नव्हतीस, मी मोजत होतो."

मुलगी एका संशोधन संस्थेत रानमांजरांचा अभ्यास करत होती. प्रत्यक्ष रानमांजर तिने दोन वर्षांत एकदाच पाहिलं होतं, तेही पाठमोरं. अभ्यास होता तो त्यांच्या विष्ठेचा. जंगलातून उचलून आणलेली विष्ठा यंत्रात गेली, की त्या प्राण्याने काय खाल्लं, तो नर की मादी, गाभण आहे का, पोटात जंत आहेत का, इतकंच काय, गेल्या एकदोन दिवसांत तो घाबरलेला होता का, हेही कळत असे. "माणूस आठवून सांगतो, बाबा," ती एकदा म्हणाली होती, "हे आठवून सांगत नाही." नातेवाइकांत आई तिचं काम 'वन्यप्राण्यांच्या आहारासंबंधी' आहे असं सांगे. निरीक्षक तिथल्या तिथे दुरुस्ती करत, आणि मग समोरची माणसं हातातली बशी खाली ठेवत.

अडचण अशी होती, की यंत्र सांगतं ते खरं की खोटं हे रानमांजराला विचारून पडताळता येत नव्हतं. म्हणून विभागप्रमुख बाईंनी वीस माणसं घ्यायचं ठरवलं. माणसांनी सात दिवस खाल्लेला घास न् घास वहीत लिहायचा, आठव्या दिवशी सकाळी डबी भरून द्यायची, आणि मग वही आणि यंत्र जुळतात का ते पाहायचं. एकोणीस माणसं संस्थेतच मिळाली. विसावं म्हणून मुलीने वडिलांचं नाव घातलं, कारण ते लिहितील तशी वही तिला दुसऱ्या कुणाकडून मिळणं शक्य नव्हतं. निरीक्षकांनी स्वयंपाकघरात छोटा तराजू मांडला. 'सोमवार, सकाळी ७.४०, ओट्स बेचाळीस ग्रॅम' अशी सुरुवात झाली आणि पुढे सात दिवसांत एक वाटाणासुद्धा नोंदीतून निसटला नाही.

वही भरायला तशी सोपीच होती. आठ महिन्यांपूर्वी निरीक्षकांच्या रक्तात चरबी किंचित जास्त निघाली होती. डॉक्टर म्हणाले होते, तेलकट जरा बेताने घ्या. दवाखान्यापासून घरापर्यंत येता येता बायकोने त्याचं 'सगळं उकडलेलं' करून टाकलं. तेव्हापासून भोपळा, गाजर, पालक आणि वाटाणा हे पाण्यात उकडून, मिठाशी नुसती तोंडओळख करून देऊन, भाताबरोबर ताटात येत होते. रात्री त्याच भाज्यांचं पाणी येई, त्याला सूप म्हणायचं. आणि बायको स्वतःही तेच खाई. "यांना एकट्याला हे कसं वाढू?" असं ती म्हणे, आणि त्यावरून तिचं नातेवाइकांत फार कौतुक होत होतं. निरीक्षकांच्या धाकट्या बहिणीने आपल्या नवऱ्याला वहिनीचं उदाहरण दोनदा देऊन झालं होतं.

आठ वाजता निरीक्षक चौथ्यांदा आत गेले आणि पाच मिनिटांनी पडलेल्या चेहऱ्याने बाहेर आले. बायको दाराशीच उभी होती. घरात संडास एकच, आणि सहापासून तो निरीक्षकांच्या ताब्यात. आता तिच्याने एका जागी उभं राहवत नव्हतं. निरीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, आणि चौतीस वर्षांच्या नोकरीतून त्यांना एक तोडगा सुचला.

"अगं, तू आत चाललीच आहेस, तर ही घेऊन जा."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच."

"काहीतरीच काय बोलता."

निरीक्षकांनी तिला शांतपणे समजावलं. एकाच पिंपातलं दूध दोन बाटल्यांत भरलं असेल, तर कुठलीही बाटली तपासली तरी निकाल तोच येतो. आठ महिने दोघांचा भोपळा एका पातेल्यातला. वहीतला शब्द न् शब्द खरा. बदलतेय ती फक्त बाटली. बायको म्हणाली, पोरीला फसवल्यासारखं होईल. निरीक्षक म्हणाले, सगळ्या डब्या आजच एकत्र यंत्रात जायच्या आहेत, रिकामी दिली तर पोरीचं काम अडेल. बायको म्हणाली, मला आत्ता काही होणार नाही. पण हे ती एका पायावरून दुसऱ्या पायावर येत म्हणाली, त्यामुळे त्या म्हणण्याला वजन आलं नाही.

"आपण दोघं खातो तेच ना?" निरीक्षकांनी शेवटचं विचारलं. "मग फरक काय पडतो?"

या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते बायकोला देता येत नव्हतं. तिने डबी घेतली.

साडेआठला मुलगी आली. तिने डबी बर्फाच्या पेटीत ठेवली, वही उलटून पाहिली, आणि अशी वही आपण आजवर पाहिली नाही असं म्हणाली. निरीक्षक जरा ओशाळले. बायको पाठमोरी गाजर चिरत राहिली. दुपारी अडीच वाजता निरीक्षकांचं काम आपोआप झालं, पण त्याचा आता कुणाला उपयोग नव्हता.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, मुलगी निकालाचा कागद घेऊन घरी आली. एकोणीस जणांचं जवळजवळ सगळं जुळलं होतं. रखवालदार कांदा लिहायला विसरला होता, आणि ग्रंथपालांनी एक चॉकलेट लपवलं होतं, ते त्यांनी विचारताक्षणी कबूल केलं. एवढं सांगून ती थांबली.

"बाबा, त्या आठवड्यात तुम्ही बाहेर काही खाल्लं होतं का?"

"नाही."

"चुकून?"

"चुकून खाल्लेलंही लिहिलंय. बुधवारी एक मुंगी आहे बघ."

मुलीने कागद पुढे सरकवला. त्यावर कोंबडी होती, बटाटा होता, शेंगदाणा होता, आणि सगळ्यांत वर मासा होता, अगदी जातीसकट. दुकानदारांनी आयुष्यभर निरीक्षकांच्या नावामागे जो मासा लावला होता तो वजनातला. हा समुद्रातला होता.

निरीक्षकांना मनापासून राग आला. डबी कुणाची हे ते विसरले नव्हते, पण पिंप तर एकच होतं, आणि त्या पिंपात मासा असणं शक्य नव्हतं. त्यांनी विचारलं, यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली, कुणी केली, दाखला कुठे आहे. मुलगी म्हणाली की तिने हा नमुना तीनदा लावून पाहिला होता. निरीक्षक म्हणाले, खोट्या तराजूत तीनदा तोललं म्हणून तो खरा होत नाही.

"जाऊ द्या ना," बायको म्हणाली, "एवढ्याशा तुकड्याचं काय घेऊन बसलात."

तुकडा एवढासा होता की केवढा, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण बापलेक दोघंही तावातावाने बोलत होते, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मुलगी हिरमुसून गेली. त्याच संध्याकाळी निरीक्षकांनी विभागप्रमुखांना दोन पानी पत्र लिहिलं. वहीतली प्रत्येक नोंद आपण शपथेवर सांगायला तयार आहोत, सबब यंत्र सदोष आहे, आणि ते दुरुस्त होईपर्यंत सीलबंद ठेवावं, असा त्याचा मथितार्थ होता. सदोष यंत्रावर आपल्या पोरीने आयुष्य घालवू नये एवढाच त्यांचा हेतू होता. पत्र त्यांनी स्वतः जाऊन टपालात टाकलं.

विभागप्रमुख बाई मोजकं बोलत आणि जास्त वाचत. ते पत्र त्यांनी दोनदा वाचलं. वीस वह्यांत सर्वांत भरवशाची वही हीच, असं त्यांनीच बैठकीत म्हटलं होतं. तीच वही जुळत नसेल, आणि लिहिणारा शपथ घ्यायला तयार असेल, तर यंत्रावर विसंबून पुढे जाणं बरोबर नाही, असं त्यांनी ठरवलं आणि काम थांबवलं. मुलीच्या फ्रीजरमध्ये रानमांजरांच्या चारशे बारा पुड्या होत्या. दोन वर्षं काट्याकुट्यांतून वाकून गोळा केलेल्या त्या पुड्या तशाच पडून राहिल्या. तिची नेमणूक याच कामापुरती होती आणि मुदत दीड महिन्यात संपत होती.

हे तिने फोनवर आईला सांगितलं. बाबांना सांगू नकोस म्हणाली. त्यांची यात काही चूक नाही, त्यांनी खरं होतं तेच लिहिलं, असंही म्हणाली. आईने फोन ठेवला आणि भोपळा करपवला. पाण्यात उकडत ठेवलेला भोपळा करपायला बराच वेळ लागतो.

वासाने निरीक्षक स्वयंपाकघरात आले. बायको गॅस बंद करून ओट्याला टेकून उभी होती. फोनवर काय झालं ते तिने एका दमात सांगून टाकलं, आणि मग थांबून म्हणाली, "यंत्र बरोबर आहे."

"कसं काय?"

"मासा होता. कोंबडीपण होती."

निरीक्षक स्टुलावर बसले. बायको आठवड्यातून तीन दुपारी एका शिवणाच्या दुकानात कपडे बेतायला जात असे. दुकानाला लागूनच खाणावळ होती, आणि बेतायचं टेबल नेमकं खाणावळीच्या बाजूच्या खिडकीपाशी. पहिला महिना तिने खिडकी लावून काढला. दुसऱ्या महिन्यात खिडकीची कडी तुटली. यापलीकडे तिने काही कारण दिलं नाही.

फसवणूक पकडली की ती नेमकी कितीची हे आधी विचारायचं, ही त्यांची जन्माची सवय. आज तो प्रश्न त्यांच्या मनात आलाच नाही.

"म्हणजे आठ महिने मी एकटाच खात होतो," ते म्हणाले.

"सात."

"बरं, सात."

"तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत. मला वाटलं तुम्हाला चालतंय. आवडतंयसुद्धा."

"मला? तू माझ्यासाठी खातेस म्हणून मी गप्प होतो. तू भोपळा खात असताना मी दुसरं काय मागणार होतो?"

करपलेलं पातेलं दोघांच्या मध्ये होतं. मग बायको म्हणाली की ती उद्याच जाऊन बाईंना खरं सांगून टाकणार आहे. निरीक्षकांनी ते मोडून काढलं. डबी बदलली हे बाहेर आलं तर बोल पोरीला लागेल, घरच्याच माणसांनी घोटाळा केला म्हणून. शिवाय बायकोचं नाव या प्रकरणात कुठेही नव्हतं आणि ते आता घुसवायची गरज नव्हती. मासा आपणच खाल्ला असं सांगितलं की यंत्रही खरं ठरतं आणि कामही सुरू होतं. चौतीस वर्षं लोक त्यांच्यासमोर खोटं बोलत आले होते. त्यातलं काही ना काही आपल्याला जमेल असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये बायकोने त्यांच्याकडून सगळं पाठ करून घेतलं. मासा मंगळवारी, भाजलेला. कोंबडी शुक्रवारी. बटाटा दोन्ही दिवशी, तळलेला. शेंगदाणे घरी परत येताना, चालता चालता.

"किती शेंगदाणे?"

"मूठभर."

"मूठ हे माप नाही."

"चोरून खाताना हेच माप असतं," बायको म्हणाली.

विभागप्रमुखांच्या खोलीत भिंतीवर प्राण्यांच्या पावलांचे ठसे ओळीने लावलेले होते. मुलीला बोलावून घेतलं होतं, ती दाराशी उभी राहिली. निरीक्षक बसले नाहीत. आपण पत्र मागे घेत आहोत, मासा आपण खाल्ला होता आणि वहीत लिहिला नव्हता, असं ते उभ्याउभ्याच म्हणाले. मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली. खोटं वजन सापडलेल्या दुकानात घरची माणसं दुकानदाराकडे असंच पाहत, हे निरीक्षकांना आठवलं, आणि पुढची वाक्यं त्यांनी समोरच्या ठशांकडे बघून म्हटली.

बाईंनी कागद ओढला आणि नोंदीसाठी तपशील विचारले. वार, वेळ, पदार्थ, सगळं निरीक्षकांनी न अडखळता सांगितलं.

"मासा साधारण किती होता?"

"एकशे चाळीस ग्रॅम," निरीक्षक सवयीने म्हणाले.

"छे, एवढा कुठला देतात," बायको खुर्चीतून हळूच म्हणाली. "शंभराच्या वर नसतो."

बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि शंभर लिहिलं. मग त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक वेगळा कागद काढला. नमुना नराचा की मादीचा, हे पाहायची चाचणी निराळी असते आणि तिला वेळ जास्त लागतो. तो निकाल त्यांच्या हातात त्या दिवशीच सकाळी पडला होता, मुलीनेही तो पाहिला नव्हता.

"माशाचं मिटलं," बाई म्हणाल्या. "आता एवढंच राहिलं." त्यांनी कागद फिरवून निरीक्षकांपुढे ठेवला. "विसाव्या नमुन्यापुढे यंत्र स्त्री म्हणतंय."

मुलगी दारापासून दोन पावलं पुढे आली. निरीक्षकांनी कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. चौतीस वर्षांत ऐकलेली एकही थाप इथे उपयोगी पडण्यासारखी नव्हती. मासा खाल्ला असं म्हणता येत होतं. हे म्हणता येत नव्हतं.

"ती डबी माझी आहे," बायको म्हणाली. "मासाही माझाच. यांनी फक्त भोपळा खाल्ला. सगळा."

त्यानंतर तिने सकाळच्या त्या चार फेऱ्यांपासून खिडकीच्या कडीपर्यंत सगळं सांगितलं. निरीक्षक खुर्चीवर बसले. मुलगीही बसली, पण तिच्या मागे खुर्ची नव्हती, कपाटाजवळचा खोका होता. ती मनातल्या मनात एकेक ओळ ताडून पाहत होती, आणि प्रत्येक ओळ जुळत होती.

विभागप्रमुखांनी पेन खाली ठेवलं. यंत्राला कुणी काही सांगितलं नव्हतं, वही धडधडीत वेगळी होती, आणि तरी यंत्राने पदार्थासकट माणूस पकडला होता. एकोणीस खऱ्या वह्यांनी जे सिद्ध झालं नसतं ते या एका खोट्या डबीने झालं, असं त्या म्हणाल्या, आणि काम उद्यापासून सुरू करायला सांगितलं. फक्त विसावी जागा रिकामी ठेवता येणार नव्हती. त्यांनी खणातून कोरी वही आणि नवी डबी काढून निरीक्षकांपुढे ठेवली.

"सात दिवस. आणि या वेळी तुमचं तुम्ही."

निरीक्षकांनी मान खाली घालून दोन्ही वस्तू घेतल्या. मुलगी त्यांना फाटकापर्यंत सोडायला आली. रागावू की काय करू हे अर्ध्या वाटेपर्यंत तिचं ठरत नसावं. मग तिने आईला विचारलं, खाणावळीतला मासा ताजा असतो का. आई म्हणाली, मंगळवारी असतो.

परतताना दोघं दवाखान्यात डोकावले. डॉक्टरांनी जुने कागद पाहिले आणि सांगितलं की आपण 'तेलकट बेताने' एवढंच लिहिलं होतं, उकडायचं कुणी सांगितलं ते त्यांना माहीत नाही. मासा चालतो का असं निरीक्षकांनी घसा खाकरून विचारलं. भाजलेला चालतो, डॉक्टर म्हणाले.

आठव्या दिवशी सकाळी बायको मुद्दाम शेजारी जाऊन बसली. मुलगी आली तेव्हा डबी तयार होती. या खेपेचा निकाल आला, तसा मुलीने आणि विभागप्रमुखांनी तो वहीशेजारी मांडला. यंत्र म्हणत होतं पुरुष. यंत्र म्हणत होतं भात, गाजर, वाटाणा, बटाटा, मासा. वहीत भात, गाजर, वाटाणा, बटाटा होते, आणि मंगळवारच्या पानावर मासाही होता. 'दुपारी १.२५. भाजलेला, एक तुकडा. खाणावळीत तराजू मागितला, दिला नाही. वजन अंदाजे.' अंदाजे हा शब्द लिहिताना पेन कागदावर जरा रुतलेलं दिसत होतं.

त्या पानावर निरीक्षकांनी पट्टीने रेघ मारून एक जास्तीचा रकाना आखला होता आणि वर 'शेरा' असं लिहिलं होतं. बाईंनी तो मोठ्याने वाचला.

'सोबत पत्नी. तिनेही खाल्ला. समक्ष.'